भांड्यातले गणंग

मटकी कितीही वेळ चुलीवर ठेवा, चार-दोन दाणे शिजायचे राहतातच. पातेल्यात ते ओळखू येत नाहीत, दाताखाली आले की कळतात. मराठीत त्यांना गणंग म्हणतात. हा शब्द मी आजवर फक्त जेवणाच्या पानावर ऐकला होता, तोही तक्रारीच्या सुरात. मग एका पत्रात तो दाणा भेटला, आणि उसळीकडे पूर्वीसारखं बघता येईना.

पत्र २० मे १९१५ चं, फ्रान्सच्या आघाडीवरून लिहिलेलं. लिहिणारा हवालदार अब्दुल रहमान, पंजाबी मुसलमान. ज्याला लिहिलं तो बलुचिस्तानात तैनात असलेला एक नाईक. मजकूर थोडका आहे. युरोपातल्या या लढाईला येऊ नकोस, हे तो एकदा सांगून थांबत नाही, तीनदा सांगतो. भावाला भरती होऊ देऊ नका, म्हणतो. आणि मग दोन उपमा देतो. तोफा, मशीनगन, बंदुका, बाँब दिवसरात्र चालले आहेत, सावनातल्या पावसासारखे. जे अजून वाचले आहेत ते भांड्यात कच्चे राहिलेल्या थोड्याशा दाण्यांसारखे.

दुसरी उपमा आधी घेतो, कारण तिनंच मला धरून ठेवलं. लढाईतून वाचलेल्या माणसाला आपण काय म्हणतो? नशीबवान म्हणतो. आईबापाची पुण्याई म्हणतो. बातमीदार त्याला शूर म्हणतो. अब्दुल रहमान यातलं एकही विशेषण वापरत नाही. त्याच्या लेखी वाचलेला म्हणजे कच्चा राहिलेला दाणा. यात दाण्याची कर्तबगारी काही नाही. आच सगळ्यांना सारखीच लागली होती, हा का राहिला ते त्यालाही ठाऊक नाही. शिवाय भांडं चुलीवरून उतरवल्याचं हवालदार कुठंही म्हणत नाही. लढाई चालू आहे, म्हणजे विस्तव चालू आहे. राहिलेला दाणा सुटलेला नाही, त्याची पाळी यायची आहे.

आणखी एक गोष्ट. या वाक्यात स्वयंपाकी नाही. चूल आहे, भांडं आहे, दाणे आहेत, पण शिजवतंय कोण याचा पत्ता नाही. सरकारचं नाव घेतलं असतं तर तो राजद्रोह झाला असता. नाव न घेता त्यानं जागा मोकळी सोडली, आणि ज्याच्या घरी चूल पेटते त्या कुणालाही ती मोकळी जागा दिसते. शिजवतो तो कुणाला तरी वाढण्यासाठीच शिजवतो ना! आनंदवर्धनानं ध्वनी म्हणून, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ म्हणून, जे सांगितलं, त्याचं उदाहरण म्हणून हे वाक्य मी खुशाल वर्गात ठेवीन.

मात्र 'गणंग' हा शब्द वापरताना मला थोडं अवघडतंही. मराठीत त्याला दुसरा अर्थ आहे, कफल्लक, कामातून गेलेला माणूस. मूळ पत्रात ही छटा असेलच असं नाही. आपल्या भाषेनं ती परस्पर घातली. पण लढाईतून परतलेल्या आणि पुढं कुणी न विचारलेल्या माणसांचं काय झालं ते आठवलं, की ही छटा काढून टाकावीशी वाटत नाही.

आता सावन. इथं मराठी वाचक हमखास फसतो. मीही फसलो. श्रावण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बालकवी उभे राहतात. ऊन-पावसाचा लपंडाव, हिरवं रान, सणवार. तोफगोळ्यांना श्रावणसर म्हणणं हे काहीतरी नाजूक, जवळजवळ विचित्र वाटतं. पण पंजाबातला सावन जुलैच्या मध्याला लागतो, आपला श्रावण त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. जेठ-हाडाच्या भाजून काढणाऱ्या उन्हानंतर तिथं पाऊस कोसळतो तो सावनातच. म्हणजे हवालदाराच्या पावसाला मराठीत आणायचं तर आषाढ म्हणायला हवं. पैनगंगा दुथडी चालली आहे, नाल्यानं पुलावरून पाणी काढलं आहे, रिसोडची एसटी आलेली नाही, असा आषाढ. भाषांतरात महिना बदलला नाही तर पाऊस बदलतो.

तरीही आषाढ म्हणून सगळं हाती लागत नाही. पंजाबात सावन हा आनंदाचा महिना. झोके बांधतात, सासुरवाशिणी माहेरी येतात. शेतकऱ्याच्या घरात वर्षभर ज्याची वाट बघायची तो हा पाऊस. त्या पावसाची उपमा या माणसानं मरणाच्या वर्षावाला दिली. दुसरी नव्हती म्हणून दिली का? मला तसं वाटत नाही. आकाशातून सतत, दिवसचे दिवस, न थांबता काहीतरी पडत राहतं, याचा गावातल्या माणसाला एकच अनुभव असतो. त्यानं जे पाहिलं होतं त्यातलं सगळ्यात मोठं काढून दिलं. उपमेत साम्य फक्त पडण्याचं आहे, बाकी सगळा विरोध आहे, आणि अंगावर काटा येतो तो त्या विरोधानं.

एवढं उघड लिहिलेलं पत्र गेलं कसं, याचं उत्तर हवालदारानंच देऊन ठेवलं आहे. तो पलटणीतला पगार-हवालदार होता. कंपनीच्या साहेबाला शिपायांची पत्रं वाचून दाखवण्याचं काम त्याच्याकडंच होतं. या विषयावर लिहायला सक्त मनाई आहे, मी लिहू शकतो कारण वाचणारा मीच आहे, असं तो सांगून टाकतो. कुंपणानं स्वतःच खिडकी ठेवावी तसा प्रकार. पण कुंपण एकच नव्हतं.

हिंदी फौज सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस मार्सेय बंदरात उतरली. शिपायांच्या टपालावर नजर ठेवण्यासाठी फ्रान्समध्ये एक कचेरी उघडली गेली. तिचा प्रमुख कॅप्टन ई. बी. हॉवेल. बुलोनच्या त्या कचेरीत आठवड्याला हजारो पत्रं येत. त्यांतली निवडक वाचायची, काही भाग इंग्रजीत उतरवायचा, त्यांचा गोषवारा वर पाठवायचा. शिपायांच्या मनात काय चाललं आहे ते सरकारला कळावं, हा हेतू. ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतून साडेसहाशेच्या आसपास पत्रं निवडून १९९९ मध्ये पुस्तक केलं. मूळ उर्दू, गुरुमुखी, हिंदी कागद बहुतेक सगळे गेले. अब्दुल रहमाननं नेमका कोणता शब्द लिहिला होता ते आता कुणी सांगू शकत नाही. आपल्यासमोर आहे ती पहारेकऱ्यानं करून ठेवलेली नक्कल.

वाशिमच्या माणसाला हे दुःख जुनं आहे. आमचं गाव म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन हा राजा होता आणि प्राकृतात लिहिणारा कवीही. त्याचं 'हरिविजय' हे काव्य पुढच्या साहित्यशास्त्र्यांनी वाखाणलं, त्यातली उदाहरणं दिली. काव्य हरवलं, उदाहरणं तेवढी राहिली. सर्वसेनाच्या ओळी निवडणारे रसिक होते, शिपायाच्या ओळी निवडणारा संशयी होता, एवढा फरक. पण गंमत बघा, संशयी माणूसही शेवटी चांगलीच ओळ निवडतो. जी ओळ घरच्यांच्या काळजाला भिडेल असं त्याला भय वाटलं, तीच त्यानं उतरवून घेतली. हॉवेलच्या कचेरीइतका दक्ष वाचक भल्याभल्या कवींना मिळत नाही. राजशेखरानं काव्यपुरुषाचं आणि साहित्यविद्येचं लग्न वत्सगुल्मातच लावलं आहे. त्या नात्यानं एवढं बोलायचा हक्क मी घेतो.

दुसऱ्या काही पत्रांकडे वळू. एकानं लिहिलं आहे की झाडाची पानं गळून जमिनीचा वीतभर तुकडाही उघडा राहू नये, तशी इथली भुई मेलेल्या माणसांनी झाकली आहे. आणखी एकाला शेतात पडलेली प्रेतं सोंगणीनंतरच्या पेंढ्यांसारखी दिसली. पानगळीची उपमा होमरपासून चालत आलेली आहे, पण हा शिपाई होमरकडून आलेला नाही. त्याचं लक्ष झाडावर नाही, जमिनीवर आहे. कवी गळणारं पान बघतो. शेतकरी बघतो की खाली माती दिसते की नाही.

पेंढ्यांची उपमा मात्र मला अधिक थोर वाटते. ज्यानं ज्वारीचं वावर सोंगलं आहे त्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. विळ्यानं कापत पुढं जायचं आणि मागं मुठीमुठीनं धांडे टाकत जायचे. संध्याकाळी मागं वळून बघितलं की सगळ्या वावरभर ओळीनं आडवं पीक. सकाळी उभं होतं ते. वर्षातला सगळ्यात समाधानाचा देखावा हा. कणसं मोडायची, कडबा बांधायचा, सुडी रचायची. शिपायानं हाच देखावा उचलला, त्यातलं समाधान आपोआप गळून पडलं आणि उरली ती ओळ. उभं होतं ते आडवं झालं. आणि माणसं ओळीनंच का पडली असतील, हे मशीनगन कशी फिरते ते माहीत असलेल्याला वेगळं सांगायला नको. ही उपमा सुचलेली नाही, दिसलेली आहे.

याच पत्रांत काळ्या आणि लाल मिरीचं एक कोडं प्रसिद्ध आहे. हिंदुस्थानातून आणलेली काळी मिरी संपत आली, आता लाल वापरतात, अशा अर्थाचं. काळी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. हुशारी आहे, नाही असं नाही. अभ्यासक त्यावर पानं भरतात. मला ते तितकंसं थोर वाटत नाही. कोडं सुटलं की मिरी संपते. पेंढ्या आणि गणंग उलगडूनही संपत नाहीत.

आता प्रश्न येतो तो निसर्गप्रेमाचा. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत गेलेले काही इंग्रज अधिकारी खरे निसर्गवेडे होते. लढाईच्या धबडग्यात ते पक्षी, साप, कीटक, फुलपाखरं टिपत आणि नमुने थेट मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवत. युद्ध संपल्यावर सोसायटीच्या नियतकालिकात त्या प्रदेशातल्या पक्ष्यांवर आणि इतर प्राण्यांवर लेखमाला आल्या, आणि इराकच्या प्राणिसृष्टीची ती पाहणी आजही संदर्भाला घेतात. एडवर्ड थॉमस हा इंग्रज कवी १९१७ साली ॲरासला मारला गेला. त्याच्या आघाडीवरच्या रोजनिशीत तोफांच्या बरोबरीनं पाखरांच्या नोंदी आहेत. अशी माणसं मला आवडतात. मरण समोर असताना चंडोलाचा आवाज ऐकू येणं ही साधी गोष्ट नाही.

पण आपला शिपाई या अर्थानं निसर्गप्रेमी नव्हता, आणि त्यानं तसं असावं अशी अपेक्षा ठेवली की त्याची पत्रं हातातून निसटतात. मराठीत 'रान' हा शब्द जंगलालाही आहे आणि शेतालाही. सकाळी 'रानात चाललो' म्हणणारा माणूस हिंडायला चाललेला नसतो. त्याचं रानावरचं प्रेम पिकाच्या, मातीच्या, जनावराच्या मापानं चालतं. फ्रान्समधल्या पत्रांत हे वारंवार येतं. आघाडीवरून मागं विश्रांतीला आलेला शिपाई तिथली शेतं बघतो, दारोदारची फळझाडं बघतो, पाण्याची सोय बघतो, पुरुष लढाईवर गेल्यानं बायकांनी सांभाळलेली शेती बघतो, आणि गहू किती पिकतो ते घरी कळवतो. वाचणाऱ्याला ही कोरडी माहिती वाटेल. मला त्यात माणूस हसलेला दिसतो. लग्नाला परगावी गेलेला आमचा शेतकरी मांडवाआधी यजमानाचं वावर बघून येतो, तोच हा गडी.

मराठी पलटणींकडे येतो. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव्ह शापेलच्या गावात शिरल्या आणि त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी त्या एका दिवसात पडले किंवा जखमी झाले. मेसोपोटेमियात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी जनरल टाउनशेंडच्या फौजेबरोबर कुटच्या वेढ्यात अडकल्या. १४७ दिवस. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. त्या दिवसांत टपाल जवळजवळ बंदच होतं, म्हणजे पत्रांचा प्रश्न नव्हता. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. हिरव्या भाजीवाचून हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाला, हिरड्या सुजून दात हलायला लागले. ही माणसं कोकणातली, सातारा भागातली. तिथं पहिल्या पावसानंतर पंधरवड्यात बांधावर टाकळा उगवतो. आमच्याकडं त्याचा तरोटा होतो. फुकटची भाजी, कुणी मोजत नाही, कुणी पत्रात लिहीत नाही.

वऱ्हाड तेव्हा भरतीचा मुलूख नव्हता, कापसाचा होता. वाशिमचा जिल्हा १९०५ मध्ये मोडून मोठा भाग अकोल्यात गेला होता, आणि सरकारला इथून माणसांपेक्षा गठाणी हव्या होत्या. साताऱ्याच्या एका अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले ते परत आले नाहीत. तसं गाव आमच्याकडं नाही. विदर्भातल्या तरुणांना फौजेचं दार मोठ्या प्रमाणात उघडलं ते पुढं, १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली तेव्हा. त्यामागं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आग्रह होता. तेव्हापासून वऱ्हाडातल्या खेड्यांत फौजेतून पत्रं यायला लागली, आणि ती यायची थांबली ती मोबाइल आल्यावर.

ही पत्रं ज्यांनी ऐकली आहेत त्यांना त्यांचा साचा पाठ असेल. ऐकली असं मुद्दाम म्हणतो. घरात वाचता येणारं कुणी नसलं की पोस्टमन वाचायचा, नाहीतर शाळेतलं पोर. तिकडं लिहिणाराही पुष्कळदा दुसराच. म्हणजे नवरा-बायकोच्या पत्रात किमान दोन परके. अशा पत्रात जीव कसा घालायचा? पत्रास कारण की. मी खुशाल आहे. सर्व थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. मग ती ओळ: पाऊसपाणी कसं आहे ते कळवावं. पेरणी झाली का. गाय व्याली का.

या ओळीला आपण औपचारिक म्हणून सोडून देतो आणि चूक करतो. बायकोचं नाव घेता येत नाही, कारण पत्र चारचौघांत वाचलं जाणार. आठवण येते म्हणता येत नाही. दुःख लिहिता येत नाही, कारण आई ऐकते आहे. कुठं आहे ते लिहिता येत नाही, कारण बंदी आहे. या सगळ्यांतून सुटून जाणारा एकच विषय उरतो, हवापाणी. त्याला सेन्सॉर हात लावत नाही आणि सासूही. म्हणून सगळी माया तिकडं वळते. 'कोपऱ्यातल्या कडुनिंबाला अवंदा मोहर कसा आहे' असं कुणी विचारलं, तर झाडाखाली कोण बसतं ते घरात बरोबर एकाच माणसाला कळतं.

स्वतंत्र भारतातही पत्त्याचा तोच प्रकार राहिला. नाव, नंबर, युनिट, आणि खाली 'मार्फत ५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ'. लेह असो की कारगिल, पाकिटावर गाव नाही. इथं मला मेघदूत आठवतं. रामगिरीवरचा यक्ष हा विदर्भातला, घरापासून तुटलेला, निरोप धाडणारा पहिला माणूस. वा. वि. मिराशींनी रामगिरी म्हणजे रामटेकच हे हिरीरीनं मांडलं. यक्षाच्या निरोपाची रचना बघा. खरा निरोप शेवटच्या थोड्या श्लोकांत, बाकी बराचसा रस्ता. आम्रकूट, रेवा, वेत्रवती, शिप्रा. नाव घेत घेत तो ढगाला घरापर्यंत नेतो, आणि नावं घेण्यातच त्याचा विरह निवत जातो. फौजीला नेमकं हेच नाकारलेलं आहे. त्याचा ढग कुठून निघाला तेच सांगायचं नाही. तो फक्त विचारू शकतो, तुमच्याकडं पोचला का. कालिदासाच्या हाती सगळा भूगोल होता. फौजीनं भूगोलाशिवाय मेघदूत लिहिलं, तेही निळ्या आंतरदेशीय कागदावर, घडीची जागा सोडून.

मला विचाराल तर काव्य म्हणून हवालदार अब्दुल रहमानचं पत्र वरचं. पण जवळचं पत्र पाऊसपाण्याचंच.

मालेगाव, मानोरा, मंगरूळपीर, कारंजा, कुठल्याही गावात तुमच्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत अशी आंतरदेशीय पत्रं असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत घालू नका. एकदा मोठ्यानं वाचा, घरातल्या म्हातारीला ऐकू जाईल असं. पाऊसपाण्याची ओळ आली की तिच्याकडं बघा.